बेसिकसाठी स्वतःचं फॉर्म डिझायनर लिहायचं असेल तर सुरुवात कुठून करावी?

तुम्ही लिहिलंय की फ्रीबेसिक (बेसिक भाषेचा मोफत कंपायलर) बऱ्यापैकी येतं, पण विंडोजचा प्रोग्रॅम करताना प्रत्येक बटणाची जागा आकडे टाकून, कंपाइल करून, बघून, परत आकडे बदलून बसवावी लागते. म्हणून व्हिज्युअल बेसिक (व्हीबी) 6 सारखं माउसने फॉर्म मांडायचं साधन स्वतःच लिहावं म्हणता. नुसते फॉर्मच हवे असतील तर लिहू नका. विनएफबीई आहे, व्हिज्युअलएफबीएडिटर आहे, लिनक्सवर असाल तर गँबास नावाचं वेगळं बेसिक आहे. साधन लिहायचीच हौस असेल तर मात्र पुढे वाचा. मी ती हौस दोनदा भागवून घेतली आहे. पहिलं साधन फेकून दिलं, दुसरं अजून वापरतो.

पहिल्यांदा मी सगळे करतात तिथूनच सुरुवात केली. कोरा फॉर्म, त्यावर बटण, बटणाभोवती आठ ठिपके, ठिपका धरून ओढलं की बटण मोठं. हे करायला मजा येते आणि घरच्यांना दाखवताही येतं. ग्रिडला, म्हणजे फॉर्मवरच्या ठरावीक चौकटींना, चिकटवणं तर एका ओळीचं काम: आकड्याला आठाने पूर्णांक भागायचं आणि परत आठाने गुणायचं. दोन आठवड्यांत माझं साधन दिसायला हुबेहूब व्हीबी झालं. ते कुचकामी आहे हे कळायला आणखी दोन महिने गेले.

कारण सांगतो, पण त्याआधी ओढाओढीतला एक खड्डा. फॉर्मवर खरं बटण ठेवलंत तर क्लिक केल्यावर ते दाबलं जातं, निवडलं जात नाही. टेक्स्टबॉक्सवर क्लिक केलं तर त्यात कर्सर लुकलुकायला लागतो. यावर नेहमीचा तोडगा म्हणजे कंट्रोल (बटण, टेक्स्टबॉक्स वगैरे) सबक्लास करायचा, म्हणजे त्याला येणारे मेसेज आधी आपण घ्यायचे, आणि विंडोजने एनसीहिटटेस्ट (माउसखाली काय आहे हे विचारणारा) मेसेज पाठवला की ‘मी पारदर्शक आहे’ असं उत्तर द्यायचं. मग क्लिक खालच्या फॉर्मला मिळतो. साधं लेबल मुळात असंच वागतं. पण कॉम्बोबॉक्स आला की हे फसतं, कारण त्याच्या पोटात आणखी एक एडिट विंडो असते आणि क्लिक ती गिळते. मग तिलाही सबक्लास करा. दुसरा तोडगा म्हणजे सगळ्या फॉर्मवर एक पारदर्शक काच ठेवायची. विंडोज 8 पासून चाइल्ड विंडोही (दुसऱ्या विंडोच्या आतली) लेयर्ड, म्हणजे पारदर्शक, करता येते, त्यामुळे हे बरं जमतं. जुन्या विंडोजवर मला फार फ्लिकर दिसायचा.

दुसऱ्या वेळी मी खरे कंट्रोल ठेवलेच नाहीत. चौकोन, कडा, मजकूर सगळं स्वतः रंगवतो, आणि खरं रूप बघायचं असेल तर एफ5 दाबून फॉर्म चालवतो. काही जणांना ही पळवाट वाटेल. मला वाटत नाही. मांडणी करताना माणसाला बटण कुठे आहे आणि केवढं आहे एवढंच बघायचं असतं.

आता मूळ मुद्दा. यासाठी व्हीबीचा जन्म कसा झाला ते माहीत असलेलं बरं. अ‍ॅलन कूपर नावाच्या माणसाने ट्रायपॉड नावाचं साधन लिहिलं होतं आणि 1988 मध्ये बिल गेट्सला दाखवलं. ते बेसिकसाठी नव्हतंच. विंडोजचा शेल, म्हणजे प्रोग्रॅम उघडायचा मुख्य पडदा, ज्याने त्याने आपल्या गरजेप्रमाणे जुळवून घ्यावा, यासाठी ते होतं. मायक्रोसॉफ्टने ते घेतलं, त्याला रूबी म्हणू लागले (आजच्या रूबी भाषेशी काही संबंध नाही), आणि पुढे गेट्सच्या आग्रहाने त्याला बेसिक जोडलं गेलं. मे 1991 मध्ये व्हिज्युअल बेसिक 1.0 आलं. म्हणजे कॅनव्हास (फॉर्म मांडायची जागा) आधी तयार झाला आणि भाषा नंतर आली. मला हे कळलं तेव्हा माझी चूक लख्ख दिसली. मी डिझायनर म्हणजे बेसिकचा कोड लिहिणारं यंत्र असं धरून चाललो होतो. डिझायनरचं खरं काम फॉर्मचं वर्णन सांभाळणं हे आहे. त्यातून पुढे बेसिक निघेल, सी निघेल नाहीतर काहीच निघणार नाही.

माझ्या पहिल्या साधनात असं वर्णन कुठेच नव्हतं. फॉर्म सेव्ह केला की ते थेट .बीएएस (बेसिकच्या कोडची) फाइल लिहायचं, आणि फॉर्म उघडायचा म्हटला की तीच फाइल वाचून बटणं कुठे आहेत ते शोधायचं. बेसिकचा पार्सर (कोडची रचना समजून वाचणारा भाग) मी लिहिलेला नव्हता, नुसती शब्दांची जुळवाजुळव होती. सांगलीकडच्या एका ओळखीच्या माणसाने त्यावर हळदीच्या अडतीचा हिशेब लिहायला घेतला. त्याने माझ्या कोडच्या मधोमध आपल्या ओळी घातल्या, शेतकऱ्याची पट्टी काढायच्या, तोलाई-हमाली वजा करायच्या. मग एके दिवशी त्याने एक बटण अर्धा इंच सरकवलं आणि सेव्ह केलं. माझ्या साधनाने सगळी फाइल नव्याने लिहिली आणि त्याची पट्टी गेली. बॅकअप आठवड्यापूर्वीचा. तो काही बोलला नाही, नुसता “परत लिहितो” म्हणाला, आणि मला तेच जास्त लागलं.

या दुखण्यावर मोठ्यांनीही वेगवेगळी औषधं केली आहेत. पॉवरबेसिक या दुसऱ्या बेसिकचं पीबी फॉर्म्स हे साधन कोडमध्येच खुणेच्या ओळी घालायचं आणि त्या खुणांच्या आतला भाग आपला मानायचं. पहिल्या व्हीबी डॉटनेटमध्ये फॉर्मच्याच फाइलीत एक मिटवून ठेवलेला भाग असायचा, वर सूचना की कोड एडिटरने यात बदल करू नका. लोक अर्थातच करायचे. 2005 च्या आवृत्तीत पार्शल क्लास (एकच क्लास दोन फाइलींत लिहिता येणं) आले आणि डिझायनरचा कोड वेगळ्या फाइलीत गेला, तेव्हा भांडण मिटलं. जुन्या व्हीबी 6 ची पद्धत मला अजूनही सगळ्यात स्वच्छ वाटते. .एफआरएम फाइल नोटपॅडमध्ये उघडा: बिगिन, आत कंट्रोलचे गुणधर्म, एंड, आणि फ्रेमच्या पोटात ठेवलेला कंट्रोल त्या बिगिनच्याही आत. त्याखाली तुमचा कोड. चित्रं वगैरे शेजारच्या .एफआरएक्समध्ये.

फ्रीबेसिकमध्ये मी हे असं बसवलंय. फॉर्मचं वर्णन एका साध्या टेक्स्ट फाइलीत असतं आणि तेवढंच खरं मानायचं. त्यातून साधन एक .बीआय फाइल (दुसऱ्या फाइलीत जोडायची) काढतं, त्यात विंडो उभी करायचा कोड आणि क्लिकसारख्या घटनांच्या सबची (त्या घडल्यावर चालणाऱ्या कोडची) डिक्लेअर विधानं. ही फाइल कधीही पुसली जाईल हे गृहीतच आहे. तुमचा कोड .बीएएस मध्ये, आणि त्यात वर ती .बीआय जोडणारी एक इन्क्लूड ओळ. साधन .बीएएस वाचतही नाही आणि लिहीतही नाही. सेव्ह बटणावर क्लिक जोडला पण सब लिहायला विसरलात तर लिंकर (शेवटी सगळे भाग जोडणारा प्रोग्रॅम) बोंब मारतो. मारू दे. कोणाची पट्टी जाण्यापेक्षा ते परवडलं.

नावांचं आधीच ठरवा. व्हीबी 6 मध्ये कमांड1 वर डबल-क्लिक करून कोड लिहिला आणि नंतर बटणाचं नाव बदललं, की तो कोड जनरलमध्ये पोरका पडायचा, कारण बटण आणि सब यांच्यात नावाशिवाय दुसरा धागाच नव्हता. मी प्रत्येक कंट्रोलला कधीही न बदलणारा क्रमांक देतो आणि कुठल्या घटनेला कोणता सब हे वर्णनात वेगळं लिहितो.

मापांचं थोडक्यात: पिक्सेल सेव्ह करू नका. व्हीबी ट्विप वापरायचं, इंचाला 1440, म्हणजे 96 डीपीआयला (इंचाला 96 पिक्सेल) पिक्सेलमागे 15. लॅपटॉपवर 150 टक्के स्केलिंग असेल तर तेच 10 होतात. ट्विप घ्या नाहीतर दुसरं काही, पण फॉर्म कोणत्या डीपीआयवर मांडला ते फाइलीत लिहून ठेवा.

आणि मराठी. व्हीबी 6 च्या आत मजकूर युनिकोडच असतो, पण त्याचे मूळचे कंट्रोल अँसी (युनिकोडआधीची, मोजक्या अक्षरांची पद्धत) वापरतात आणि देवनागरीला अँसी कोडपेज नाही, म्हणून ‘शेतकऱ्याचे नाव’ च्या जागी प्रश्नचिन्हांची रांग यायची. आपल्याकडच्या कितीतरी व्हीबी प्रोग्रॅमांत जुने, युनिकोड नसलेले फाँट वापरले गेले ते याचमुळे. फ्रीबेसिकमध्ये युनिकोड मजकुरासाठी डब्ल्यूस्ट्रिंग आहे, विंडोजचे डब्ल्यूवाले (युनिकोडचे) फंक्शन वापरा आणि तयार होणारी .बीआय फाइल बीओएमसह (फाइलीच्या सुरुवातीची एन्कोडिंगची खूण) यूटीएफ-8 मध्ये लिहा. लेबलची रुंदी अक्षरं मोजून ठरवू नका. ‘क्ष’ दिसायला एक, मोजायला तीन. मजकूर खरोखर किती जागा घेतो ते त्या फाँटमध्ये विंडोजलाच विचारा. उंचीही वाढवा. इंग्रजीला पुरणाऱ्या लेबलात ‘कीर्ती’ चा रफार वर कापला जातो आणि ‘वस्तू’ चा उकार खाली. माझ्या साधनात नवीन लेबल म्हणूनच जरा उंच येतं आणि लोक त्याला कुरूप म्हणतात.

अनडू पहिल्या दिवसापासून ठेवा. नंतर घालायला गेलात तर निम्मं साधन उकरावं लागतं. टॅबचा क्रम बदलायची सोयही विसरू नका. हिशेब लिहिणाऱ्याचा हात कीबोर्डवर असतो आणि एन्टर किंवा टॅब मारल्यावर उडी भलतीकडे गेली की तो तुमच्या नावाने खडे फोडतो.

तेव्हा सुरुवात कॅनव्हासपासून नको. आधी फक्त लेबल, टेक्स्टबॉक्स आणि बटण यांचं वर्णन नोटपॅडमध्ये हाताने लिहा, ते वाचून विंडो उभी करणारा प्रोग्रॅम करा, आणि तीच फाइल परत लिहिणारा. एखादा गुणधर्म ओळखीचा नसेल तर तो टाकून न देता जसाच्या तसा परत लिहायचा. उघडा, काही न बदलता दुसऱ्या नावाने सेव्ह करा, दोन्ही फाइली एफसी कमांडने ताडून बघा. एका बाइटचाही फरक निघाला नाही, की मग ते आठ ठिपके काढायला घ्या.