वाचकांचे प्रश्न : पण ती त्याला सोडून का नाही गेली?

प्रश्न : ताई नमस्कार. आमच्या वाचनगटात यावेळी सिनेनटी हंसा वाडकरांचं ‘सांगत्ये ऐका’ हे आत्मकथन घेतलं होतं. पुस्तक छोटंसं आहे, एका बैठकीत संपलं, पण नंतर जी भांडणं झाली ती विचारू नका. निम्म्या जणी म्हणे एवढी मोठी हिरॉईन, स्वतः कमावती, मग त्या नवऱ्याकडे परत परत का गेली, आणि दारू वगैरे म्हणजे तिचंही चुकलंच की. एक जण म्हणाली नवऱ्याची बाजू कुठे ऐकलीये आपण, सगळं खरं कशावरून? मला दोन्ही पटत नाहीये पण उत्तरही देता येईना. असं पुस्तक वाचायचं तरी कसं?

उत्तर : आधी तुमच्या त्या ‘सोडून का नाही गेली’वाल्या मैत्रिणींना सांगा की पुस्तक परत उघडा, कारण ती गेली होती की हो! एकदा नाही, कितीदा तरी घर सोडलंय तिने. प्रश्न सोडण्याचा नव्हताच, सोडून जायचं कुठे हा होता, आणि त्याचं उत्तर त्या काळात बहुतेक वेळा दुसरा एखादा पुरुष नाहीतर हॉटेलची खोली एवढंच होतं.

मी असं पुस्तक वाचताना प्रेम, भांडण, संशय हे सगळं जरा बाजूला ठेवते आणि पैशाचा माग काढते. कामं कोण ठरवतं, कॉन्ट्रॅक्टचं कोण बोलतं, पैसे कोणाच्या हातात जातात. हे एवढं नीट बघितलं ना की निम्मी कोडी सुटतात. रतन साळगावकर हे तिचं मूळ नाव, घराणं कलावंतिणींचं, शाळा अर्धवट सोडून पोरगी सिनेमात आली ती घर चालवायला. १९३६ साली ‘विजयाची लग्ने’ आला तेव्हा ती जेमतेम तेरा वर्षांची. म्हणजे ज्या वयात बाकीच्या मुली सातवी-आठवीत असतात त्या वयात हिच्या पगारावर घर. पुढे लग्न केलं ते आता सिनेमा बंद, संसार करायचा, या हौसेने, आणि झालं काय तर आधी आईवडिलांसाठी कमवत होती ती आता नवऱ्यासाठी कमवायला लागली. मूल हवं होतं तर तेही तिच्या मर्जीवर नाही, गर्भपात करायला लावले. त्यात संशय आहेच, म्हणजे कामाला पाठवायचं पण आणि कोणाशी बोलली म्हणून मारायचं पण. कमावती होती म्हणून स्वतंत्र होती हे गणितच इथे लागू पडत नाही, उलट कमावती होती म्हणूनच कोणी सोडायला तयार नव्हतं.

आणि तो मराठवाड्यातल्या खेड्याचा भाग, तो तर मी दर वेळी थांबून थांबून वाचते. ‘लोकशाहीर रामजोशी’ सिनेमातली (१९४७) बयाची भूमिका जिने रंगवली, लोकांनी डोक्यावर घेतली, ती बाई एका माणसाबरोबर निघून जाते आणि त्याच्या वाड्यात, आधीच्या बायका असताना, पडद्यात राहते. थोडेथोडके दिवस नाही, सुमारे तीन वर्षं! बाहेर पडायची सोय नाही. शेवटी सुटकेसाठी पत्र लिहिते ते कोणाला, तर नवऱ्याला. वाचताना आपण चरफडतो, म्हणतो अगं त्यालाच कशाला, पण मग लक्षात येतं की कायद्याने येऊन तिला ‘माझी बायको’ म्हणून घेऊन जाऊ शकेल असा तोच एक होता. आणि सुटकेच्या त्या कागदपत्रांच्या भानगडीत ज्या मॅजिस्ट्रेटपुढे जबाब द्यायचा त्यानेच बलात्कार केला. ही गोष्ट ती सांगते आणि पुढे जाते. तुमच्या गटात यावर कोणी बोललं का? बहुतेक नसेल, दारूवरच चर्चा झाली असेल.

आता दुसरी बाजू. बरोबर आहे, आत्मकथनात नवऱ्याची बाजू नसते, पण हे काही कोर्ट नाही, आपल्याला शिक्षा सुनवायची नाहीये. तरी डोळे मिटून वाचू नये हे मान्य. हे पुस्तक तिने बसून लिहिलेलं नाही, सांगितलंय. पत्रकार-लेखक अरुण साधूंनी तिच्याकडून ऐकून शब्दांकन केलं, आधी ‘माणूस’ साप्ताहिकात आलं आणि १९७० साली पुस्तक निघालं, नाव तिच्याच १९५९च्या गाजलेल्या सिनेमाचं. त्यामुळे बोलण्याचा ओघ आहे, साल-तारखांची वानवा आहे, मधेच उडी आहे, आणि एका बाईने सांगितलेलं एका पुरुषाने कागदावर उतरवलंय हेही विसरायचं नाही. कुठला सिनेमा आधी, कुठलं भांडण नंतर यात गडबड असू शकते. पण तेच तेच परत परत घडत राहतं, वेगळी घरं, वेगळी माणसं आणि गत तीच, ते काही तारीख चुकल्याने खोटं होत नाही. आणि खरं सांगू का, मला तिच्यावर विश्वास बसतो तो तिने स्वतःला झाकलं नाही म्हणून. दारू, दुसरे पुरुष, मुलीची झालेली आबाळ, सगळं सांगून टाकलंय, स्वतःची बाजू मांडायलाच बसली असती तर हे पहिलं गाळलं असतं ना.

गटाला पुढच्या वेळी दुर्गाबाई खोट्यांचं ‘मी, दुर्गा खोटे’ (१९८२) सुचवा. जवळपास तोच काळ, तोच धंदा, पण माहेर लाड आडनावाच्या सुखवस्तू घरातलं. नवरा लवकर गेल्यावर दोन मुलांना घेऊन उभी राहिलेली बाई. लागोपाठ वाचली की कोणाच्या पाठीशी काय होतं हे आपोआप दिसतं.

प्रश्न : या पुस्तकावर बेतलेला ‘भूमिका’ सिनेमा बघितलाय, मग पुस्तक वाचायची गरज आहे का?

उत्तर : आहे. श्याम बेनेगलांचा सिनेमा (१९७७) सुंदरच आहे, स्मिता पाटीलला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो उगाच नाही, पण त्यात नावं बदललीत, माणसं नव्याने रचलीत, आणि तो मॅजिस्ट्रेटचा प्रसंग नाहीये. शिवाय सिनेमा बाहेर आला तेव्हा हंसाबाई नव्हत्याच, १९७१ मध्येच गेल्या, पन्नाशीही गाठली नाही.

प्रश्न : माझी मुलगी अकरावीत आहे, तिने हे पुस्तक मागितलंय. देऊ का?

उत्तर : द्या की. फक्त मारहाण आहे, गर्भपात आहेत, बलात्कार आहे हे आधी सांगून ठेवा, म्हणजे एकदम अंगावर येणार नाही. आणि तुम्ही स्वतः वाचलं नसेल तर तिच्या आधी वाचून काढा, ती प्रश्न विचारणारच आहे.