सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजांचे फोटो हलतात, नवीन माणसाने कोणता फास्ट कॉम्पॅक्ट कॅमेरा घ्यावा?

तुमचं म्हणणं असं की बटण दाबलं की लगेच फोटो निघाला पाहिजे, संध्याकाळच्या मिरवणुकीत फोटो हलायला नको, कॅमेरा खिशात मावला पाहिजे आणि आधी कधी कॅमेरा हातात धरलेला नाही. मग मेगापिक्सेल आणि झूम दोन्ही विसरा. दुकानदार तेच पहिलं सांगणार, ४० एक्स झूम आहे म्हणून.

बघायचं काय, तर सेन्सर (प्रकाश टिपणारी चकती) केवढा आणि फोकस कसा लागतो. त्या ४० एक्सवाल्या कॅमेऱ्यात, कॅननचा एसएक्स ७४० धरा, सेन्सर साधारण ६.२ बाय ४.६ मिमीचा असतो, आणि एक इंची म्हणतात तो १३.२ बाय ८.८ मिमीचा, म्हणजे क्षेत्रफळ चौपट. त्यात लेन्स एफ १.८ ची असली (एफचा आकडा जितका लहान तितका प्रकाश जास्त) तर एफ ५.६ पेक्षा जवळजवळ दहापट प्रकाश आत येतो, मग अंधारातही शटर फास्ट ठेवता येतं, म्हणजे फोटो क्षणार्धात टिपला जातो, आणि नंदीध्वजाची काठी पेलणारा बाराबंदीतला माणूस पुसट येत नाही. हा सगळा खेळ प्रकाशाचाच आहे.

मला विचाराल तर एक इंची सेन्सरवाला सोनी आरएक्स १०० मधला मार्क ५ए. ३०० ग्रॅमच्या आत वजन, एफ १.८ ते २.८ लेन्स, आणि फेज डिटेक्ट फोकस (कुठं सरकायचं ते थेट ओळखणारा) असल्यामुळे चालत्या माणसाला तो सोडत नाही. मार्क ७ मध्ये झूम २०० मिमीपर्यंत जातो पण लेन्स सुरुवातच एफ २.८ पासून करते, म्हणजे ५ए च्या निम्म्याहून कमी प्रकाश, तेव्हा संध्याकाळच्या कामाला ५ए च बरा. कॅनन जी७एक्स मार्क ३ चे रंग मला जास्त आवडतात खरं, हातात पण छान बसतो, पण त्याचा फोकस कॉन्ट्रास्टवाला, म्हणजे चाचपडत लावणारा, हलत्या गोष्टीवर पुढंमागं करत बसतो. घरात, फिरायला गेल्यावर मस्त आहे. नान्नजला माळढोक पक्षी टिपायचं मनात असेल तर यातला एकही नको, तो वेगळाच खर्च आहे.

नवी पेठेत किंवा कुठंही घेताना स्वतःचं कार्ड घेऊन जा, दुकानातल्या अंधाऱ्या कोपऱ्यात चालत्या माणसाचे फोटो काढा आणि घरी मोठ्या स्क्रीनवर बघून मगच ठरवा. सेकंडहँड घेत असाल तर पांढऱ्या भिंतीचा फोटो एफ ११ ला काढून बघा, काळे ठिपके दिसले तर आत धूळ गेलीय, ती आपल्याला घरी साफ करता येत नाही कारण लेन्स निघतच नाही. होम मैदानावरची धूळ तुम्हाला माहितीये की, लेन्स बाहेर ठेवून फिरू नका.

आणि ऑटोवर टाकून सोडू नका हो, ऑटो अंधारात शटर स्लो करतं. डायल एस वर (कॅननला टीव्ही लिहिलेलं असतं), म्हणजे शटर आपण ठरवायचं, आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) ऑटो, संध्याकाळी शटर १/२५० सेकंद. संमती कट्ट्यावर, सिद्धेश्वरांच्या लग्नसोहळ्यात, अक्षता उडतात तेव्हा उजेड असतो, तिथं १/१००० ठेवा, बटण आधीच अर्धं दाबून फोकस लावून ठेवा आणि संमती वाचन संपत आलं की पूर्ण दाबून धरा, बर्स्टमध्ये (एकापाठोपाठ एक फोटो निघतात तो मोड) एक तरी फ्रेम मिळतेच. कार्ड तेवढं चांगल्या कंपनीचं व्ही३० (कार्डावर लिहिलेला वेगाचा दर्जा) घ्या, स्वस्त कार्डावर बर्स्ट लिहून होईपर्यंत कॅमेरा अडकून बसतो.