काही लोक एकामागून एक इतके टॅटू का काढून घेतात?
पहिला टॅटू बहुधा श्रद्धेपोटी किंवा कुणाच्या आठवणीसाठी असतो, पुढचे त्याला जोड म्हणून येतात. सुई किती दुखते ते एकदा कळलं की भीती जाते आणि मनगटावरचं एकटं नाव अपुरं वाटू लागतं. कधी जुनं काम झाकायचं असतं: सुई दोन मिलिमीटरच्या खाली गेली की शाई पसरते, अक्षरं फुगतात; मग वरून दुप्पट-तिप्पट मोठं, गडद चित्र लागतं. हौस तशी जुनीच, खानापूर-निपाणीकडच्या आज्यांच्या कपाळावर, हातांवर गोंदण दिसतंच. मेल्यावर तेवढंच सोबत येतं ही त्यामागची समजूत. मात्र बेळगावात मराठा सेंटरच्या (मराठा लाइट इन्फंट्री या पायदळाच्या केंद्राच्या) भरतीला उतरणार असाल तर आधी थांबा. सैन्यात कोपरापासून मनगटापर्यंतची आतली बाजू आणि तळहाताची मागची बाजू, एवढीच मुभा आहे; सवलत फक्त आदिवासी उमेदवारांना.