बोस्टनच्या फेनवे पार्क या बेसबॉल मैदानात डावीकडे एवढी उंच भिंत का आहे?

थोडक्यात सांगायचं तर जागा नव्हती म्हणून. फेनवे १९१२ साली सुरू झालं, आणि आज मेजर लीगमध्ये (अमेरिकेतली सर्वोच्च बेसबॉल स्पर्धा) वापरात असलेलं ते सर्वांत जुनं मैदान आहे. शहराच्या आधीच ठरलेल्या रस्त्यांमध्ये ते बसवावं लागलं. डावीकडे लगेच लॅन्सडाउन स्ट्रीट येतो, त्यामुळे फाउल पोल (बाजूची हद्द दाखवणारा खांब) होम प्लेटपासून, म्हणजे फलंदाज उभा राहतो तिथपासून, जेमतेम ३१० फुटांवर आहे. अंतर वाढवता येत नव्हतं, म्हणून उंची वाढली. आधी लाकडी भिंत होती, १९३४च्या मोठ्या दुरुस्तीत ती ३७ फुटांची झाली. १९४७मध्ये जाहिराती काढून हिरवा रंग दिला आणि 'ग्रीन मॉन्स्टर' हे नाव रूढ झालं.

मला सगळ्यांत आवडतं ते तिने खेळाला लावलेलं वळण. उंच उडालेला साधा फटकासुद्धा भिंतीवरून जाऊन होम रन (क्रिकेटमधल्या षटकारासारखा) ठरतो. उलट सपाट, जोरकस फटका, जो दुसरीकडे नक्की बाहेर गेला असता, इथे भिंतीवर आपटून परत येतो आणि फलंदाज दुसऱ्या बेसवरच, म्हणजे धावेच्या अर्ध्या वाटेवर, थांबतो. लेफ्ट फील्डरला (डावीकडच्या क्षेत्ररक्षकाला) चेंडू उसळून कुठे येईल हे अक्षरशः पाठ करावं लागतं.

भिंतीच्या पायथ्याशी असलेला धावफलक अजूनही माणसं हातानेच बदलतात. २००३पासून भिंतीच्या माथ्यावरही खुर्च्या आहेत. शक्य झालं तर तिथूनच सामना बघा.