सहा हजारांचा कटर घ्यावा का? लाकूडतोडीच्या स्वस्त मशीनबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमची आंबा-काजूची दीडेक एकर बाग आहे. वर्षातनं आठ-दहा दिवस छाटणी आणि पावसात पडलेल्या फांद्या तोडायचं काम निघतं, एरवी मशीन पडूनच राहणार. ऑनलाइन ५८ सीसीचा, २२ इंची बारवाला (बार म्हणजे चेन जिच्यावर फिरते ती पट्टी) पेट्रोल कटर म्हणजे चेनसॉ सहा हजारांत मिळतोय, स्टिल (Stihl) कंपनीच्या छोट्या मशीनला तिप्पट पैसे सांगतात. स्वस्तातला घेऊ का? – एक वाचक, देवरुख

उत्तर : दादा, वर्षाला आठ-दहा दिवसच काम असेल तर घ्या, मी नको म्हणणार नाही. फक्त सहा हजारांत काय मिळतंय आणि काय मिळत नाहीये ते आधी समजून घ्या. ऑनलाइन लाल, केशरी, हिरव्या रंगांत वेगवेगळ्या नावांनी जे ५८ सीसीचे कटर दिसतात ते आतून बहुतेक एकच मशीन आहे, चीनमधे अनेक कारखान्यांत एकाच नमुन्यावरून बनतं आणि इथे आल्यावर ज्याचं त्याचं स्टिकर लागतं. याचा फायदा असा की पिस्टन, कार्बोरेटर, स्टार्टर, क्लच असले पार्ट एका नावाचे दुसऱ्याला बहुतेक वेळा बसतात आणि स्वस्तात मिळतात. तोटा असा की माल एकसारखा येत नाही, एकाच दुकानातनं एकाच दिवशी घेतलेल्या दोन मशीनपैकी एक चार वर्षं बिनतक्रार चालतं आणि दुसरं चौथ्या टाकीला बसतं. हे मी माझ्याच अंगणात बघितलंय, भावाने आणि मी जोडीने घेतलेली, त्याचं अजून चालतंय आणि माझ्याची पेट्रोलची नळी महिन्यात चिरली, तीही फांदी अर्धी कापून झाल्यावर.

५८ सीसी या आकड्यावर जाऊ नका. स्टिलचं एमएस ३६२ हे ५९ सीसीचं मशीन साडेतीन किलोवॅटच्या आसपास ताकद देतं आणि स्वस्तातल्या बऱ्याच खोक्यांवर दोन-अडीच किलोवॅटच छापलेलं असतं, म्हणजे आकडा मोठा असला तरी काम तेवढं नाही. त्यात २२ इंची बार लावला की ओलं लाकूड कापताना मशीन दमतं, आपण वरनं दाबतो, क्लच तापतो आणि मग दोष मशीनला देतो. आंबा-काजूच्या फांद्यांना १८ इंच भरपूर झाला, त्याच मशीनला १८ इंची बार-चेन मिळते, ती मागून घ्या. तुम्ही म्हणताय ते स्टिलचं छोटं मशीन म्हणजे एमएस १७० असेल, तर ते ३०.१ सीसी, १.२ किलोवॅटचं आहे, कागदावर निम्मं वाटतं, पण वजन चार किलोच्या आसपास आणि बार लहान, त्यामुळे छाटणीला हात दुखत नाही. नुसती छाटणीच असती तर मी तेच घ्या म्हटलं असतं. पावसात पडलेल्या मोठ्या फांद्या पण कापायच्यात म्हणून स्वस्तातलं मोठं चालेल म्हणतोय.

इंजिन सहसा लवकर जात नाही, आजूबाजूचं जातं. पेट्रोलची नळी, टाकीतला फिल्टर, दाबायचा रबरी फुगा, प्लग, स्टार्टरचा प्लास्टिकचा खटका. म्हणून मशीन आलं की चालू करायच्या आधी सगळे स्क्रू-नट स्वतः आवळून घ्या, सायलेन्सरचे तर नक्कीच, थरथरीने तेच आधी ढिले होतात. सोबत आलेली चेन बाजूला ठेवा आणि ओरेगॉनसारख्या नावाजलेल्या कंपनीची एक चेन घ्या, जुन्या चेनचा पिच (म्हणजे कड्यांमधलं अंतर), जाडी आणि बारच्या खाचेत फिरणाऱ्या खालच्या दातांची संख्या मोजून न्या, इंच सांगून भागत नाही. स्वस्त मशीन आणि चांगली चेन ही जोडी महागड्या मशीनवर बोथट चेन लावण्यापेक्षा कितीतरी बरी कापते.

मग पुढचा हँडगार्ड म्हणजे चेन ब्रेक तपासा. मशीन जमिनीवर नीट धरून रेस द्या आणि मनगटाने गार्ड पुढे ढकला, चेन जागच्या जागी थांबली पाहिजे. सेकंदभर जरी फिरत राहिली तर ते मशीन परत पाठवा, पैसे अडकले तरी चालतील. बारच्या टोकाचा वरचा भाग फांदीला टेकला की बार उसळून थेट चेहऱ्याकडे येतो आणि त्या क्षणी हा ब्रेकच मधे असतो. सहा हजारांत तडजोड करायची तर रंगात करा, आवाजात करा, इथे करू नका.

आणि घ्यायच्या आधी देवरुखात किंवा रत्नागिरीत एखादा मिस्त्री याची कामं करतो का ते विचारून या. वॉरंटी कार्डावर फोन नंबर असतो, पण कुरिअरने मशीन पाठवा म्हणतात आणि टाकीत पेट्रोलचा वास असला की कुरिअरवाला घेत नाही. जवळ मिस्त्री नसेल तर तिप्पट पैसे घालून डीलरचंच घ्या. फक्त डीलर खरा बघा, स्टिलच्या रंगाची आणि नावाची नकली मशीनं पण फिरतात. हो, आणि छाटणी वेगळी, पण आंबा, फणस, साग, ऐन, किंजळ यांचं झाड बुंध्यातनं तोडायचं असेल तर १९६४ च्या झाडतोड कायद्याखाली आधी परवानगी लागते, मशीन घरात आलं की हात शिवशिवतात म्हणून सांगतोय.

प्रश्न : निसर्ग वादळानंतर वाडीतली पडलेली माडं-पोफळी कापायला कटर घेतला होता. तेव्हा छान चालला, पण दर वर्षी पावसाळ्यानंतर काढला की चालूच होत नाही, दोरी ओढून खांदा जातो. मिस्त्री कार्बोरेटर बदलून देतो, पुढच्या वर्षी परत तेच. मशीनच खराब आहे का? – एक वाचक, श्रीवर्धन

उत्तर : ताई, ३ जून २०२० ला वादळ तुमच्याच किनाऱ्यावर आलं आणि त्यानंतर किनारपट्टीला असे किती कटर घरोघरी आले ते मी बघितलंय, निम्मे आज पडवीत गंजतायत. मशीन खराब नाहीये, टाकीत राहिलेलं पेट्रोल खराब आहे. आता पंपावर मिळतं त्यात २० टक्के इथेनॉल असतं, इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं आणि तुमच्याकडच्या पावसाळी हवेत ते किती ओढत असेल विचार करा. चार महिने ते तसंच बसलं की कार्बोरेटरच्या आतला पातळ रबरी पडदा कडक होतो, बारीक भोकं चिकट थराने बुजतात, स्वस्त मशीनच्या नळ्या तर हलक्या रबराच्या, त्या आधीच फुगून फाटतात.

काम संपलं त्या दिवशीच टाकी रिकामी करायची आणि मग मशीन चालू करून आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्यायचं, म्हणजे कार्बोरेटरही कोरडा होतो. एवढं एक केलंत तर दर वर्षीचा कार्बोरेटर वाचेल. यंदा बदलताना नळी, फिल्टर आणि प्लगही बदलून घ्या. पेट्रोल-ऑइलचं मिश्रण पंधरा-वीस दिवसांत संपेल एवढंच बनवा. या मशीनच्या पुस्तिकेत बहुतेक २५ ला १ दिलेलं असतं, म्हणजे लिटरला ४० मिली टू-टी ऑइल, तेवढंच घाला. स्टिलवाले ५० ला १, म्हणजे २० मिली घालतात ते बघून ऑइल कमी करू नका, पिस्टन चिकटला की मग मशीन भंगारातच.

अजून एक, माड आणि पोफळीचं लाकूड चेन लगेच बोथट करतं, बाहेरचा थर फार कठीण आणि त्यात वाळूसारखा अंश असतो. भुशाऐवजी पीठ पडायला लागलं की थांबा आणि कानस मारा. ०.३२५ पिचच्या चेनला ४.८ मिलीमीटरची गोल कानस लागते, प्रत्येक दाताला सारखेच दोन-तीन हात, एका बाजूचे दात जास्त घासले गेले की काप तिरका जातो.

प्रश्न : चेनला गाडीचं जळकं ऑइल वापरलं तर चालतं का? सगळे तेच वापरतात. – एक वाचक, आजरा

उत्तर : नका वापरू. त्यात इंजिनातला धातूचा कीस असतो आणि या मशीनचा ऑइल पंप आधीच नाजूक, तो त्यानेच खलास होतो. शिवाय ते उडून हातावर, तोंडावर बसतं आणि ते कातडीला वाईट. साधं नवीन इंजिन ऑइल घाला. पंप चालतोय का बघायला बारचं टोक पुठ्ठ्यापासून वीतभर लांब धरून रेस द्या, पुठ्ठ्यावर तेलाची रेघ उमटली पाहिजे. रेघ नाही तर काम नाही, कोरडी चेन दहा मिनिटांत बार खाते.

प्रश्न : घरी ग्राइंडर आहे. त्याला बसणारा चेनसॉचा जोड ऑनलाइन हजाराच्या आत मिळतो, बघायला अगदी चेनसॉसारखाच. थोड्याच फांद्या आहेत, त्यावर भागेल का? की बॅटरीवरचा छोटा कटर घेऊ? – एक वाचक, नाशिक

उत्तर : तो जोड कृपया घेऊ नका, आणि कोणी भेट दिला तरी लावू नका. घरातला ग्राइंडर मिनिटाला ११ हजार फेऱ्यांच्या आसपास फिरतो, तो डिस्कसाठी बनलाय, चेनसाठी नाही. त्या जोडाला चेन ब्रेक नाही, मागचं धड हँडल नाही, काहींचं बटण दाबून अडकवलं की हात सुटला तरी चेन फिरतच राहते. चेन तुटली तर कुठे जाईल सांगता येत नाही.

बॅटरीवरचा सहा इंची कटर मनगटाएवढ्या फांद्यांना ठीक आहे, शेवगा, पेरू, जास्वंद आरामात होतं. फक्त ४८ व्होल्ट, ८८ व्होल्ट असं लिहिलेलं बघून जास्त पैसे देऊ नका, अशा पुष्कळ बॅटऱ्यांत पाचच सेल असतात आणि पाच सेल पूर्ण चार्ज झाले तरी २१ व्होल्टच होतात. दोन बॅटऱ्या देणारा घ्या. हा छोटा दिसतो म्हणून लोक एका हाताने चालवतात आणि दुसऱ्या हाताने फांदी धरतात, तसं करू नका, फांदी दोरीने बांधा आणि डोळ्यांना चष्मा लावा. एखादी फांदी मांडीएवढी निघाली तर त्या दिवसापुरता मोठं मशीन असलेला माणूस बोलवा, दिवसाची मजुरी जाईल पण ते परवडतं.