मामांना रिक्षा, आईला जुना पर्चा

इंदूरहून, रामबागेतनं एका मुलाचं पत्र आलंय. आई 64ची, मामा 67चे, दोघंही घरातच, दोघांनाही स्किझोफ्रेनिया, म्हणजे भास-भ्रम होणारा मनाचा आजार. मामांना कॉलेजात असतानाच सुरू झाला, आईला पंचेचाळिशीत. मामा काटकुळे, बिडी ओढतात, जुन्या मॅचचे स्कोअर पाठ. आई अंदाजे 80 किलो, गॅसवर दूध ठेवून विसरते, दिवसभर शेव खाते. बायको म्हणते शेवेचा डबा कुलपात ठेवा. ठेवू का?

अरे बाबा, शेवेचं राहू दे. मधेच एक ओळ लिहून तू पुढे निघून गेलास, मी तिथेच अडकलेय. मामांना दर महिन्याला रिक्षाने डॉक्टरकडे नेतोस, आईला बाहेर पडायला आवडत नाही म्हणून तिच्या गोळ्या जुना पर्चा दाखवून मेडिकलवरून आणतोस. किती जुना, तर लॉकडाऊनच्या आधीचा! म्हणजे एवढी वर्षं तिला कोणी तपासलंच नाही आणि तुम्ही सगळे मिळून तिच्या जिभेला दोष देताय.

तिची गोळी ओलॅन्झापिन. ती भूक वाढवते, पोट भरल्याचं कळूच देत नाही, वजन वाढवणाऱ्या गोळ्यांत तिचा नंबर अगदी वरचा. मामाही तीच घेतात म्हणतोस ना, पण बिडीच्या धुराने लिव्हर ही गोळी भराभर संपवतं, आणि बायकांच्या अंगात ती एरवीही जास्त वेळ टिकते, त्यामुळे सारख्याच डोसला आईच्या रक्तात ती जास्त साठणार. (म्हणून बिडी चांगली असं नाही हं, आणि मामांनी सोडली तर डॉक्टरांना आधी सांगायचं, डोस बदलावा लागतो.) त्यात पाळी जाऊन इस्ट्रोजेन हे बायकांचं हार्मोन उतरलेलं, तेही वजनाला हातभार लावतं. अमेरिकेतल्या कॅटी नावाच्या, याच आजाराच्या मोठ्या अभ्यासात वाढलेली कंबर, साखर, बीपी, चरबी यांतलं बरंचसं एकत्र असलेले पुरुष पेशंट साधारण 36 टक्के निघाले, बायका 51च्या वर. मग मामांचा संयम कुठला आणि आईची चटोरी कुठली?

आणि स्कोअर पाठ आहेत म्हणून मामांचं डोकं शाबूत असंही धरू नकोस, बँकेचा एक फॉर्म भरायला दे, मग बघ. या आजारात जुनं पाठ असलेलं राहतं, चार गोष्टी एकदम सांभाळणं जातं. आईच्या दुधाचं मात्र मला वेगळंच वाटतं. हात थरथरतात म्हणून एक छोटी गोळी पण घेते लिहिलंयस, ती ट्रायहेक्सीफेनिडिल असेल तर म्हातारपणी तीच स्मरणशक्ती खाते. साखर किंवा थायरॉइड बिघडलं, बी-12 कमी पडलं, तरीही असं विसरायला होतं. घरबसल्या तुला कळणार नाही, मलाही नाही.

तेव्हा या महिन्यात मामांची तारीख असेल त्या दिवशी आईला ने. सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या पिशवीत घाल, थरथरीची गोळी अजून लागते का ते तोंडाने विचार, रक्त तपासून घे, कंबर टेपने मोजून घे, आपल्याकडच्या बायकांना 80 सेंटिमीटरच्या वर धोका धरतात. स्वतःच्या मनाने एकही गोळी बंद करायची नाही, आजार उलटला तर शेव परवडली म्हणशील. नाही म्हणाली तर आदल्या रात्रीपासून शेजारी बसून समजाव, मामांसाठी वेळ काढतोस तसाच. नंबर तिचा आधी लाव, मामा बाहेर बिडी ओढत थांबतील.