सहावं ताट

*मावशी,*

*मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहते. वय ३९. सासू-सासरे, हे, दोन पोरं आणि मी, घरात आम्ही सहा जणं. चौदा महिन्यांआधी नागपूरला माझं पोट लहान करायचं ऑपरेशन झालं, स्लीव्हचं. तेव्हा वजन १०९ होतं, शुगर होती, गुडघे गेले होते. ऑपरेशनसाठी यांनी बैलजोडी विकली. वजन ७४ वर आलं, शुगरच्या गोळ्या बंद झाल्या. वर्षभर भूक काय असते तेच विसरली होती. लई हलकं वाटे. पण पोळ्यापासून भूक परत आली.*

*नवल म्हणजे वावरात वेचणाऱ्या बायकांसोबत दुपारी डबा खाल्ला की सांजेपर्यंत काही वाटत नाही. रात्री मात्र पाच ताटं वाढून, सगळ्यांचं आटोपलं की ओट्याशी उभ्यानंच वाटीत भाकर चुरून चार घास खाते, आणि तासाभरात पोट पुन्हा मागते. मग सगळे झोपले की अंधारातच टोस्टचा डबा काढते. तीन-चार टोस्ट चहात बुडवून खाते. नंतर कधी हातपाय कापतात, घाम येतो. परवा कापसाच्या काट्यावर वजन पाहिलं तर ७६. हे चांगले आहेत, काही बोलत नाहीत. एकदाच म्हणाले, “बैलजोडी गेली, आता तरी तोंड सांभाळ.” सासूबाईही मायाळू आहेत. म्हणतात, “तुला काय, चार घासच तर लागतात.” मला स्वतःची लाज वाटते. पोट पुन्हा मोठं झालं का? भूक मारायची काही गोळी असते का?*

माय, तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा एकाच जागी अडले. घरात सहा जणं, ताटं पाच.

तू ते इतक्या सहज लिहून गेलीस की तुला स्वतःलाही दिसलं नसेल. बैलजोडी दिसली, टोस्टचा डबा दिसला, काट्यावरचे दोन किलो दिसले. सहावं ताट कुठे गेलं, हे मात्र तुझ्या मनातही आलं नाही. मला आज त्या ताटाबद्दलच बोलायचं आहे. बाकीचं आधी भराभर उरकून घेते.

तुझं ऑपरेशन फसलेलं नाही. स्लीव्हमध्ये जठराचा पाऊण हिस्सा, कधी त्याहून थोडा जास्त, कापून काढतात. केळ्याएवढी नळी मागे ठेवतात. जो वरचा फुगीर भाग जातो, तिथेच भूक लावणारं एक संप्रेरक सगळ्यात जास्त तयार होतं. त्याचं नाव घ्रेलिन. कोजिमा आणि कांगावा या जपानी शास्त्रज्ञांनी ते १९९९ साली शोधलं. तो भाग गेला की घ्रेलिन एकदम उतरतं, म्हणून पहिले काही महिने माणसाला जेवायची आठवण करून द्यावी लागते. पण शरीर काही कायमचं गप्प बसत नाही. पस्तीस किलो गेले की ते आपल्या परीनं मागायला लागतं, आणि वर्षाच्या आगेमागे बहुतेकांची भूक परत येते. नळीही काळानुसार थोडी सैल होते, बहुतेकांची होते. तुझी भूक ठरल्या वेळेला आलेली आहे. दुसऱ्या वर्षात एक-दोन किलो इकडेतिकडे होणं यातही घाबरण्यासारखं काही नाही. आणि कृपा करून कापसाच्या काट्यावर वजन करणं बंद कर. तिथे गावातली चार माणसं उभी असतात, आणि तुझं वजन हा बाजारभाव नाही.

भूक मारायची गोळी मागितलीस. मी ती सांगणार नाही. भूक कमी करणारी औषधं आज निघाली आहेत, पण ती द्यायची की नाही हे तुझ्या सर्जननं ठरवायचं, तेही रात्रीचं जेवण जाग्यावर आल्यावर. तुझी भूक मारून टाकावी अशी गोष्ट नाही. तिच्याबद्दल तुझ्या घरात आजवर कोणी विचारलेलं नाही, तूही नाही.

आता तुझ्याच पत्रातली दुसरी ओळ घे. वावरात दुपारी डबा खाल्ला की सांजेपर्यंत काही वाटत नाही. तेच पोट, तीच नळी, तीच बाई. मग दुपारी जे होतं ते रात्री का होत नाही?

दुपारी काय होतं ते मला इथून दिसतं. आठ वाजल्यापासून वेचणी चालली आहे, कमरेला बांधलेला फडक्याचा ओटा कापसानं भरलेला, बोटांना बोंडाची टोकं लागून चरे पडलेले. बाराच्या सुमाराला कोणीतरी आवाज देते आणि सगळ्याजणी निंबाखाली येतात. फडकी सुटतात. कोणाचं चून, कोणाचं वांगं, कोणाची सांभाराची चटणी. तू मांडी घालून बसतेस. एक घास घेतेस, मग कोणाच्या सुनेची गोष्ट निघते, ती संपेपर्यंत तो घास चावतेस. पाणी पिण्याआधी बिड्यांची, पानाची, गप्पांची वेळ जाते. अर्धा तास कसा गेला कळत नाही. डॉक्टरांनी ऑपरेशननंतर कागदावर लिहून दिलं असेल ना, की बसून जेवा, वीस-तीस मिनिटं जेवा, घास बारीक चावा, जेवताना पाणी नको, अर्ध्या तासानं प्या? तो कागद तू निंबाखाली रोज पाळतेस, तुला ठाऊकही नाही.

आणि रात्री? रात्री वाटीत भाकर चुरतेस, वरून रस्सा ओततेस, उभ्यानं चार घासांत संपवतेस, कारण भांडी पडली आहेत. अशा पातळ, मऊ, भिजलेल्या जेवणाला लहान झालेलं पोट धरून ठेवत नाही. ते नळीतून घसरून जातं. घट्ट, चावून खाल्लेलं, त्यातही डाळ-अंडं-पनीर असं प्रथिनांचं जेवण पोटात टिकतं. पातळ पदार्थ टिकत नाहीत. तासाभरात पोट रिकामं होतं आणि मागायला लागतं, ते खरंच मागत असतं. तुझं मन खोटं बोलत नाही, जीभही चटावलेली नाही.

मग टोस्ट. मैदा, साखर, वरून गोड चहा, सगळं घसरणारं. रक्तातली साखर झपकन चढते, शरीर तिला उतरवायला इतकं इन्सुलिन सोडतं की ती गरजेपेक्षा खाली जाते. तुझे हातपाय कापतात, घाम येतो, तो बहुधा याचा. ऑपरेशन झालेल्यांना हे होतं आणि गोड-मैदा सोडला की बरंच थांबतं. पण तुला आधी शुगर होती, म्हणून पुढच्या खेपेला नागपूरच्या डॉक्टरांना हे नक्की सांग. लाजेपोटी टोस्ट लपवू नकोस. आणि कापरं सुटलं असताना गावातल्या दवाखान्यात जाऊन साखर मोजता आली तर तो आकडा लिहून ने.

आता ताटाकडे येते.

मला माझ्या लहानपणच्या घरातली सगळी ताटं आठवतात. बाबांचं पितळी, कडेला नाव कोरलेलं. भावाचं स्टीलचं, एका बाजूला पोचा आलेला, कारण त्यानं ते रागानं आंगणात फेकलं होतं. आजीचं खोलगट, तिला दात नव्हते म्हणून. माझं गुलाबाच्या फुलाचं. मायचं ताट मला आठवत नाही. खूप आठवून पाहिलं. माय सगळ्यांचं झाल्यावर चुलीपाशी बसे, गंजाच्या बुडाला लागलेलं वरण भाकरीच्या तुकड्यानं पुसून खाई. भाजी उरली नसेल तर तिखटावर तेल टाकून घेई. ती गेली तेव्हा आम्ही सगळ्यांची भांडी वाटून घेतली आणि तेव्हा लक्षात आलं, की तिच्या नावाचं एकही भांडं घरात नाही. मी तेव्हा चाळीस वर्षांची होते. म्हणजे चाळीस वर्षं मी तिच्यासमोर माझ्या गुलाबाच्या फुलाच्या ताटात जेवले होते.

म्हणून मला तुझ्या सासूबाईंच्या मायाळूपणाचं कौतुक करवत नाही. “चार घासच तर लागतात” हे त्या प्रेमानं म्हणत असतील, पण चार घासांनाही बसायला जागा लागते. आणि तुझा नवरा चांगला आहे, मान्य आहे. पण जो माणूस चौदा महिने रोज रात्री पंगतीत बसतो आणि शेजारची जागा रिकामी आहे हे त्याला दिसत नाही, त्याला ते कोणीतरी सांगायला हवं. ते कोणीतरी तू आहेस. तुलाही मी सोडणार नाही. ऑपरेशनच्या आधीही तू शेवटीच जेवत होतीस, हो ना? तेव्हा निदान ताट तरी घेत होतीस. ऑपरेशननंतर ते मांडणीवर ठेवून दिलंस, स्वतःच्या हातानं. वर्षभर भूक नव्हती तेव्हा तुला हलकं वाटलं असं लिहिलंस. माझी मुलगी असतीस तर मी ते वाचून रडले असते. ती हलकी वाटण्याची गोष्ट किलोंची नव्हती, बाई. कोणाकडे काही मागावं लागत नव्हतं, म्हणून हलकं वाटत होतं.

बैलजोडीचं ओझंही डोक्यावरून उतरव. ते बैल विकून तुझी शुगर गेली, गुडघे आले, पुन्हा वावरात उभी राहिलीस. तो सौदा तिथेच पूर्ण झाला. तू उपाशी राहून त्याची फेड करावी असं त्यात कुठेच ठरलेलं नव्हतं. आणि नवरा पुन्हा तोंड सांभाळायचं बोलला, तर त्याला म्हण, डॉक्टरांनी सांभाळून खायला सांगितलं आहे आणि सांभाळून खायला बसावं लागतं.

तर आज रात्री एवढंच कर. मांडणीवरचं ते ताट काढ. धुऊन पाचांच्या ओळीत सहावं मांड. भाकरीची टोपली, वरणाचा गंज, भाजी, चटणी, सगळं मधोमध आणून ठेव, म्हणजे कोणाला वाढायला उठावं लागणार नाही. ज्याला जे हवं ते तो घेईल, तुझी पोरंही हाताची धड आहेत. मग सगळ्यांसोबत, पहिल्या घासाला, बस. छोटं ताट असलं तरी चालेल, आणि ताटात वाटीभरच जेवण असलं तरी चालेल. उठायचं मात्र नाही. कोणी पाणी मागितलं तरी नाही, गडवा शेजारीच ठेव.

ताटात आधी प्रथिनं. तुला दिवसाला साधारण साठ ते ऐंशी ग्रॅम लागतात आणि चुरलेल्या भाकरीनं ती होत नाहीत. गावरान अंडं एक, पाच-सहा ग्रॅम. चून घट्ट कर, ओघळणारं नको. वरण दाट ठेव. पाव वाटी भिजवून पिळलेल्या सोयावड्यांची सुकी भाजी कर. सोयाबीन तुमच्याच वावरात पिकतं आणि पोत्यांनी बाजार समितीत जातं, त्यातलं थोडं वडीच्या रूपानं घरी परत येऊ दे. भाकर शेवटी, चतकोर, कोरडी, चावून चावून. लोह, कॅल्शियम आणि बी-१२ यांच्या गोळ्या बंद केल्या असतील तर उद्याच सुरू कर, त्या जन्मभराच्या आहेत. रात्री भूक म्हणून जे वाटतं ते छातीत जळजळणारं असेल तर ते पित्त असू शकतं. स्लीव्हनंतर ते पुष्कळांना होतं, त्याचं औषध डॉक्टर देतात. आणि उलट्या थांबत नसतील किंवा पायांना मुंग्या येत असतील, तर मला पत्र लिहीत बसू नकोस, दवाखान्यात जा.

पहिल्या रात्री अवघड जाईल. सासरे कदाचित घास हातात धरून बघत राहतील. सासूबाई म्हणतील, “तू नंतर बस ना, पोट्ट्यांना वाढ.” तू म्हण, “आज मी बसते, आत्याबाई.” किंवा तुमच्याकडे त्यांना जे म्हणता ते म्हण, पण बसल्या जागेवरून म्हण. टोस्टचा डबा मी तुला फेकायला सांगत नाही. आठ-दहा दिवस बसून जेवून बघ, मग रात्री त्याला हात लावावासा वाटतो का ते तुझं तुला कळेल.

संक्रांतीच्या आत मला पत्र टाक. वजन लिहू नकोस. ताट कोणाच्या शेजारी मांडलंस तेवढं लिही.

— तुझी मावशी